दोन महामंडळे, एक रस्ता : बेळगाव–शिनोळी मार्गावरील सकाळच्या गाड्यांचा प्रकरण अभ्यास

बेळगावच्या कॅम्प भागातून निघालेला वेंगुर्ले रस्ता हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी करत बाचीला येतो आणि लगेच पुढे चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत शिरतो. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. शिवार सलग आहे आणि सोयरीकही दोन्हीकडे आहे. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान या रस्त्यावर उभे असतात पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी), डिप्लोमा, नर्सिंग आणि डिग्रीची मुले-मुली, बेळगावच्या दवाखान्यात निघालेले रुग्ण, आणि भाजीची बुट्टी घेऊन बाजार गाठणाऱ्या बायका. त्याच वेळी उलट दिशेने शिनोळी आणि हलकर्णीच्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाणारे कामगार असतात. म्हणजे गाडी परतताना रिकामीच धावते असे या रस्त्यावर गृहीत धरता येत नाही.

रस्त्यावर गाड्या दोन महामंडळांच्या. एक हुबळीला मुख्यालय असलेले वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळ, दुसरी आपली एसटी, जिचे चंदगड आगार कोल्हापूर विभागात येते. गावकऱ्यांच्या निवेदनात एकच मागणी असते, गाड्या वाढवा. आगाराचे उत्तरही ठरलेले असते, की भारमान (आसनांच्या मानाने प्रवासी किती) पाहता जादा फेरी परवडत नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या बोलतात, आणि हे कसे शक्य आहे ते उलगडणे हाच या प्रकरणाचा गाभा. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य शाखेचा किंवा विद्यापीठाच्या भूगोल, अर्थशास्त्र विभागाचा एखादा गट एका सत्रात हा अभ्यास पुरा करू शकतो. रस्ता, गावे, कायदे आणि सवलतींचे नियम खाली दिले आहेत ते प्रत्यक्षातले. प्रवाशांची संख्या, अंतर आणि मिनिटे मात्र गणित दाखवण्यासाठी धरलेली आहेत. त्या जागी मोजणीतले आकडे घालायचे.

गर्दीही खरी, भारमानही खरे

धरा की सात ते नऊ या दोन तासांत बेळगावकडे चार गाड्या जातात, दोन कर्नाटकच्या आणि दोन एसटीच्या. मार्गावर मिनिटाला दोन प्रवासी येतात. दोन तासांत २४० प्रवासी, गाडीमागे ६०. गाडीत ५० आसने असतील तर दहा जण उभे. यात ओरडण्यासारखे काही नाही.

पण चार गाड्या समान अंतराने आल्या तरच हे खरे. दोन्ही आगारे आपापले वेळापत्रक वेगळे बनवतात आणि कॉलेजची वेळ दोघांनाही माहीत असते, म्हणून दोघेही तीच वेळ धरतात. परिणामी गाड्या जोडीने येतात, पाच मिनिटांच्या अंतराने दोन आणि मग ५५ मिनिटे काही नाही. पहिल्या गाडीच्या वाट्याला ५५ मिनिटांत साठलेले ११० प्रवासी, दुसरीच्या वाट्याला १०. सरासरी अजूनही ६०च. आगाराच्या कागदावर काहीही बिघडलेले दिसत नाही. प्रवाशाच्या बाजूने मोजले तर चित्र बदलते. एका जोडीच्या १२० प्रवाशांपैकी ११० जणांनी ११० जणांच्या गर्दीची गाडी अनुभवली आणि फक्त दहा जणांनी मोकळी. प्रवाशामागे गर्दीची सरासरी काढली तर (११० चा वर्ग + १० चा वर्ग) भागिले १२०, म्हणजे जवळजवळ १०२. एकाच सकाळची एक सरासरी ६० आणि दुसरी १०२. पहिली आगार सांगते, दुसरी गावकरी सांगतात.

थांबण्याच्या वेळेचेही तसेच. प्रवासी कधीही येतो असे धरले तर सरासरी प्रतीक्षा म्हणजे दोन गाड्यांमधल्या अंतरांच्या वर्गांची बेरीज भागिले अंतरांच्या बेरजेची दुप्पट. अंतरे ३०, ३०, ३०, ३० असतील तर १५ मिनिटे. अंतरे ५, ५५, ५, ५५ असतील तर ६१०० भागिले २४०, म्हणजे २५.४ मिनिटे. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढेच, आणि माणशी दहा मिनिटे मातीत. विद्यार्थ्यांना वेळा पाठ असतात, ते ऐन वेळेवरच फाट्यावर येतात, हा आक्षेप बरोबर आहे. पण त्यामुळे वाया जाणारा वेळ कमी होत नाही, जागा बदलते. नऊच्या तासासाठी कॉलेजच्या फाटकात आठलाच पोचलेली मुलगी तोच वेळ तिथे घालवत असते.

पास हा खरा अडसर

जोडीने आलेल्या गाड्यांत पहिलीतून मागे राहिलेले लोक दुसरीत बसतील, हे तर्काला धरून आहे. या रस्त्यावर ते होत नाही. पास ज्या महामंडळाचा, त्याच्याच गाडीत चालतो. सवलतींचेही तसेच. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्यातल्या रहिवासी महिलांना साध्या गाड्यांतून मोफत प्रवास आहे. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे, पण ती राज्याच्या हद्दीपर्यंत. आता एका थांब्यावर उभ्या असलेल्या तिघांकडे पाहा. बाचीच्या मुलीला कर्नाटकची गाडी फुकट, एसटीत पूर्ण तिकीट. शिनोळीच्या मुलीला एसटीत हद्दीपर्यंत अर्धे आणि पुढे पूर्ण; कर्नाटकच्या गाडीत रहिवासी दाखला महाराष्ट्राचा, म्हणून पूर्ण. तुरमुरीच्या मुलाकडे कर्नाटकचा विद्यार्थी पास आहे, तो एसटीत चालत नाही. खचाखच भरलेल्या गाडीमागून पाच मिनिटांत अर्धी रिकामी गाडी येते आणि हा मुलगा तिला हात करत नाही.

पासधारकाच्या दृष्टीने रस्त्यावर चार गाड्या नाहीतच, दोनच आहेत, तासाला एक. त्याची सरासरी प्रतीक्षा ३० मिनिटे. आता सुधारणेचे तीन पर्याय मांडू. फक्त वेळापत्रक जुळवले आणि गाड्या अर्ध्या-अर्ध्या तासाने सोडल्या, तर पासधारकाला काहीच मिळत नाही. त्याच्या महामंडळाची गाडी अजूनही तासानेच येते, प्रतीक्षा ३० मिनिटेच. फक्त पास दोन्हीकडे चालू केला आणि गाड्या जोडीने येत राहिल्या, तर प्रतीक्षा २५.४, म्हणजे पाच मिनिटांची कमाई. दोन्ही एकत्र केले तर १५. एकीचा फायदा शून्य, दुसरीचा जेमतेम पाच, आणि दोन्ही मिळून १५ मिनिटे. कुठलीही एक सुधारणा प्रयोग म्हणून करून पाहिली की 'फरक पडला नाही' असा अहवाल येतो आणि विषय बंद होतो. संशोधन गटाने सर्वांत ठासून सांगायची गोष्ट हीच.

मोजणी कशी करायची

तिकीट यंत्रातला डेटा मागून घ्यावा, पण त्यावर विसंबू नये. शक्ती योजनेत कंडक्टर महिलेला शून्य रुपयांचे तिकीट देतो, त्यामुळे ती यंत्रात दिसते. पासवाल्या मुलाला तिकीट फाडत नाहीत, तो दिसत नाही. परिणामी कर्नाटकच्या गाडीत मुली दिसतात आणि मुले अदृश्य राहतात. शिवाय जो गाडीत चढूच शकला नाही, तो कुठल्याच यंत्रात नसतो. म्हणून हातमोजणीला पर्याय नाही.

चिठ्ठीची जुनी पद्धत या गाड्यांना उत्तम लागू पडते, कारण दार एकच असते. प्रत्येक थांब्याला क्रमांक द्यायचा. चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्या थांब्याचा क्रमांक छापलेली छोटी चिठ्ठी द्यायची आणि उतरताना परत घेऊन त्या थांब्याच्या पाकिटात टाकायची. गाडीत दोघे पुरतात, एक दाराशी, एक मधल्या पट्ट्यात. घरी येऊन पाकिटे उघडली की कोण कुठून कुठे गेले याचा तक्ता आपोआप तयार होतो. एसटीचा पासवाला, कर्नाटकचा पासवाला आणि तिकीटवाला यांना तीन रंगांच्या चिठ्ठ्या दिल्या तर वरचे पासाचे गणित खऱ्या आकड्यांनी भरता येते. चिठ्ठीवर मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हीत हवा, आणि नाव-गाव विचारायचे नाही. सीमाभागात माणूस लगेच सावध होतो.

थांब्यावरही एक माणूस उभा हवा. त्याच्या तक्त्यात फक्त पाच रकाने असावेत: गाडी कुणाची, थांबली ती वेळ, निघाली ती वेळ, चढले किती, मागे राहिले किती. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. 'मागे राहिले' लिहिताना गाडी भरली म्हणून राहिला की पास चालत नाही म्हणून राहिला हे वेगळे नोंदवायचे, नाहीतर दोन निरनिराळी दुखणी एकाच आकड्यात मिसळतात.

दिवस निवडताना चुकण्याची शक्यता जास्त आहे. कर्नाटकातल्या शाळा साधारण जूनच्या सुरुवातीला उघडतात, महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्याला. मधली मोठी सुट्टी तिकडे दसऱ्याला, इकडे दिवाळीला. जून, ऑक्टोबर, नोव्हेंबर या महिन्यांत मोजणी केली तर एका बाजूची मुले गायब असतात. ऑगस्टमध्ये एक फेरी आणि जानेवारीत दुसरी घ्यावी. ऑगस्टात पाऊस असतो, मार्कंडेय नदीकाठची शिवारे तुंबलेली असतात, गाड्या सावकाश चालतात. जानेवारीत ऊस चालू असतो आणि दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकते. दोन्ही उशीर वेगळ्या जातीचे आहेत: पावसाचा उशीर सगळ्या गाड्यांना सारखा बसतो, उसाचा उशीर कुणाला बसेल सांगता येत नाही. वेळापत्रकाला घातक दुसरा. आठवडी बाजार, गणेशोत्सव आणि परीक्षांचे दिवस टाळून मंगळवार ते गुरुवार घ्यावेत.

वेळापत्रक जुळवताना

दोन्ही आगारांना बरोबरीने सरकवायला लावू नये. एसटी चंदगडहून लांबून येते, तिच्या वेळेत चढउतार जास्त. तिची वेळ खुंटासारखी धरायची आणि बाची–शिनोळीपासून बेळगावपर्यंत धावणारी स्थानिक गाडी तिच्याभोवती बसवायची. अंतर १८ किलोमीटर आणि थांब्यांसह वेग ताशी २५ धरला तर एका बाजूला ४३ मिनिटे. दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटे विसावा धरून पूर्ण फेरी १०६ मिनिटांची. दोन स्थानिक गाड्या तासाला एक या हिशेबाने चालवायच्या तर फेरीला १२० मिनिटे मिळतात. म्हणजे १४ मिनिटे शिल्लक. ही शिल्लक पाहून कुणीतरी 'विसावा कमी करून आणखी एक फेरी काढू' असे सुचवतोच. तसे करू नये. उसाच्या दिवसांत ही १४ मिनिटेच वेळापत्रक सावरतात.

एसटीला वीस मिनिटे उशीर झाला तर स्थानिक गाडी दहा मिनिटे रोखावी का, हा प्रश्न गटासमोर येईल. करून पाहा: साडेसहाची स्थानिक गाडी गेली, सातची एसटी ७.२० ला आली, साडेसातची स्थानिक, मग आठची एसटी. न रोखता अंतरे ५०, १०, ३० आणि सरासरी प्रतीक्षा १९.४ मिनिटे. ७.४० पर्यंत रोखली तर ५०, २०, २० आणि १८.३. कमाई एका मिनिटाची. त्यासाठी गाडीत बसलेल्या प्रवाशांना दहा मिनिटे ताटकळत ठेवणे योग्य नाही. उशीर कुठे होतो ते शोधून तिथेच वेळ वाढवून देणे अधिक शहाणपणाचे.

वेळ दहा मिनिटांनी हलवली की ड्रायव्हर-कंडक्टरची ड्युटी हलते, आणि इथे बरेच चांगले प्रस्ताव अडकतात. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ प्रमाणे दिवसाला आठ तास काम, आठवड्याला ४८, आणि मधल्या विश्रांतीसह एकूण पसारा १२ तासांच्या आत अशी मर्यादा होती; आता त्या जागी नवी कामगार संहिता आहे, तिचे नियम पाहून घ्यावेत. सकाळची पहिली गाडी मुक्कामी असेल तर तिचा चालक आदल्या संध्याकाळपासून बांधलेला असतो. म्हणून प्रस्तावासोबत सकाळच्या चार फेऱ्या नव्हे, त्या चार गाड्यांचा अख्ख्या दिवसाचा तक्ता जोडावा. आगार व्यवस्थापक तोच पाहतो.

पासाचे काम वरच्या पातळीचे आहे. दोन राज्यांतल्या गाड्या मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ८८ खालच्या परस्पर करारावर चालतात. या करारांत साधारणपणे दोन्ही बाजूंचे मार्ग, फेऱ्या आणि किलोमीटर यांचा तोल पाहिला जातो. एकमेकांचा विद्यार्थी पास शिनोळी ते बेळगाव एवढ्याच टप्प्यात मानावा, पासावर क्यूआर कोड असावा, कंडक्टरने तो यंत्रात वाचून शून्याचे तिकीट द्यावे आणि महिन्याअखेर किती प्रवासी किती किलोमीटर गेले यावरून हिशेब मिटवावा, असा मर्यादित प्रस्ताव मुंबई आणि हुबळीच्या मुख्यालयांपुढे टिकू शकतो. शून्याच्या तिकिटाची सवय कर्नाटकच्या कंडक्टरांना आहेच. मात्र 'सर्व मार्गांवर, सर्व सवलती' असे लिहिले की फाइल वित्त विभागात थांबते.

फाटा, पायरी, पाटी

गाडीत बसल्यानंतरच्या वेळेपेक्षा बसण्याआधीचा वेळ मोठा असू शकतो. फाट्यापासून दोन किलोमीटर आत असलेल्या गावातली मुलगी ताशी चार किलोमीटरने चालली तर ३० मिनिटे. मग प्रतीक्षा १५, गाडी ३५, मध्यवर्ती बसस्थानकात उतरून टिळकवाडी किंवा उद्यमबागची गाडी बदलायला १०, ती १२, आणि शेवटी पाच मिनिटे चाल. एकूण १०७. यात सायकल आणली तर पहिली ३० मिनिटे दहावर येतात. वीस मिनिटांची बचत, म्हणजे वेळापत्रकाच्या सुधारणेपेक्षा जास्त. फाट्यावर पत्र्याखाली वीस सायकली साखळीने बांधता येतील असा लोखंडी दांडा ग्रामपंचायतीच्या आवाक्यातला आहे. पावसाळ्यात त्याचा उपयोग घटतो, हे हिशेबात धरावे.

कॅम्पातून मध्यवर्ती स्थानकात न जाता गोगटे सर्कलच्या उड्डाणपुलावरून टिळकवाडीकडे थेट जाणारी सकाळची एक फेरी सुचवण्याचा मोह होईल. आधी चिठ्ठ्यांवर पाहा: स्थानकात उतरणाऱ्यांपैकी किती जण लगेच दुसरी गाडी धरतात. एक तृतीयांशाहून कमी असतील तर ही फेरी बाजारवाल्या बायका आणि रुग्ण यांची गैरसोय करून विद्यार्थ्यांची सोय करते.

साध्या गाडीचा तळ जमिनीपासून बराच उंच असतो. शहरी बसच्या मानकांत ४०० मिलिमीटरचा सखल तळ आणि ६५० चा मध्यम तळ आहे. खेड्यावर धावणारी गाडी ९०० च्या वरच राहते. ती गाडी लगेच बदलणार नाही, पण थांब्याची जमीन उचलता येते. १५० मिलिमीटर उंचीचा काँक्रीटचा ओटा केला तर पहिली पायरी तेवढीच जवळ येते आणि बुट्टी घेतलेली बाई, गुडघे दुखणारे आजोबा, कुबडीवरचा मुलगा यांचे चढणे बदलते. चढायला माणशी तीन सेकंद धरले तर ७५ प्रवाशांना पावणेचार मिनिटे लागतात. उंच पायरी आणि ओझे असेल तर हीच वेळ सहजी दीडपट होते. ओटा निदान १५ मीटर लांब हवा, आणि दोन गाड्या एकामागोमाग थांबत असतील तर ३० मीटर. टोकांना १:१२ उताराचा रॅम्प.

हे बांधूनही फसते ते एका कारणाने. ड्रायव्हर गाडी ओट्याला लावतच नाही. पावसात कडेची तांबडी माती रुतते, आणि कोरड्या दिवसांत तिथे दुचाक्या लावलेल्या असतात. तो मीटरभर अलीकडे थांबतो, प्रवासी ओट्यावरून खाली उतरून मग पायरी चढतात, आणि ओट्याचा उपयोग उलटा होतो. म्हणून ओट्याआधी गाडीच्या चाकाखालची पट्टी पक्की करावी. ग्रामीण महामार्गांवरच्या थांब्यांसाठी आयआरसीचे (इंडियन रोड्स काँग्रेसचे) क्रमांक ८० हे १९८१ चे मानक आहे, त्यात बस-बेचे, म्हणजे रस्त्याकडेला गाडी थांबायच्या जागेचे, नमुने दिले आहेत. पैसे दोन्हीपैकी एकालाच पुरत असतील तर पट्टी आधी.

पाट्यांबाबत एक सोपी गोष्ट करण्यासारखी आहे. कर्नाटकच्या गाडीची पाटी कन्नडमध्ये असते, एसटीची मराठीत. दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांना दुसरी लिपी वाचता येत नाही आणि गाडी निघून गेल्यावर कळते की ती बेळगावचीच होती. मार्गाला एक क्रमांक द्यावा आणि तो दोन्ही महामंडळांनी समोरच्या काचेवर इंग्रजी आकड्यांत, लांबून दिसेल इतका मोठा लावावा. फाट्यावरच्या फळ्यावर दोन्ही महामंडळांच्या वेळा एकाच यादीत, वेळेच्या क्रमाने, मराठी आणि कन्नडमध्ये. आज प्रत्येक महामंडळाची यादी वेगळी लावली जाते, आणि मधली रिकामी ५५ मिनिटे कुणाच्याच नजरेस पडत नाहीत.

गाड्या बंद पडतात तेव्हा

डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तणावामुळे आंतरराज्य फेऱ्या काही काळ थांबल्या होत्या. अशा दिवशी गाड्या हद्दीपर्यंत येऊन वळतात किंवा अजिबात येत नाहीत. प्रस्तावात या दिवसांचा वेगळा तक्ता हवा: स्थानिक गाडी बाचीपर्यंत, एसटी शिनोळीपर्यंत, दोन्हीच्या वेळा दहा मिनिटांच्या फरकाने, आणि मधले अंतर लोक पायी जातील हे धरून. पास दोन्हीकडे चालत असेल तर या दिवशी विद्यार्थ्याला दोन तिकिटे काढावी लागत नाहीत. बारावीच्या किंवा पीयूसीच्या परीक्षेच्या काळात असा दिवस आला तर काय, हे आधीच लिहून ठेवलेले बरे, कारण त्या सकाळी विचार करायला वेळ नसतो.

प्रयोग सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी तीच मोजणी त्याच फाट्यांवर, त्याच पाच रकान्यांच्या तक्त्यावर करावी. भारमान वाढले का याआधी दोन आकडे पाहावेत: किती जण मागे राहिले, आणि प्रवाशामागे गर्दीची सरासरी (वरच्या गणितात १०२) पहिल्या मोजणीपेक्षा किती खाली आली. चंदगडच्या कॉलेजांची संलग्नता कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी, बेळगावच्या पदवी कॉलेजांची राणी चन्नम्मा विद्यापीठाशी आणि अभियांत्रिकीची विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी. दोन्ही बाजूंच्या विद्यापीठांच्या सह्यांचा एकच अहवाल गेला तर तो कुठल्याही एका महामंडळाला दुसऱ्याच्या बाजूचा म्हणून बाजूला ठेवता येत नाही. संध्याकाळची मोजणी मात्र वेगळी करावी लागेल, कारण प्रॅक्टिकलच्या दिवशी मुली पाचनंतर सुटतात आणि त्यांच्यासाठी सरासरी प्रतीक्षेला फारसा अर्थ नाही; शेवटची गाडी किती वाजता आहे आणि ती रोज येते का, एवढेच मोजायचे.